विमा प्रतिनिधीच्या कामातून लोकांच्या खरोखर उपयोगी पडता येते का?

मोगरा (बार्शी तालुका)

नमस्कार. मी आमच्या गावातील महिला बचत गटाची सचिव आहे. शिक्षण बारावीपर्यंत झाले असून घरच्या शेतीबरोबर शिवणकाम करते. गेल्या वर्षी आमच्या गटातील एका ताईंचे यजमान हृदयविकाराने अचानक गेले. तेरावे झाल्यावर गटाच्या कर्जाचा हिशेब लावण्यासाठी मी त्यांच्या घरी बसले होते. यजमानांचे पासबुक चाळताना मे महिन्यात ४३६ रुपये कापल्याची नोंद दिसली. बँकेत चौकशी केल्यावर कळले की ती पंतप्रधान जीवन ज्योती विमा योजनेची वर्षाची वर्गणी होती आणि तिच्यावर दोन लाखांचे संरक्षण होते. घरात कोणालाच याची कल्पना नव्हती. दावा अर्ज, मृत्यूचा दाखला आणि ताईंचे कागद दिले, काही खेपा घातल्या आणि पैसे त्यांच्या खात्यावर जमा झाले. त्यावर आज त्यांच्या मुलीचे नर्सिंगचे शिक्षण चालू आहे.

त्याच घरात आणखी एक पॉलिसी निघाली. ती दोन हप्ते भरून बंद पडलेली होती आणि जिच्यासाठी हप्ते भरले ती रक्कम मिळण्याचा प्रश्नच उरला नव्हता. ज्यांनी ती उतरवली होती, ते गृहस्थ सही घेऊन गेल्यानंतर पुन्हा त्या वाटेला फिरकले नाहीत, असे ताई सांगत होत्या.

या दोन कागदांमधला फरक माझ्या मनातून जात नाही. आता आयुर्विमा महामंडळाच्या एका विकास अधिकाऱ्यांनी मला विमा सखी योजनेत, म्हणजे स्त्रियांना विमा प्रतिनिधी करणाऱ्या योजनेत, येण्याविषयी विचारले आहे. घरच्यांचे म्हणणे असे की या धंद्यात नातेवाईक तोंड चुकवू लागतात आणि माणूस उद्दिष्टांच्या मागे धावता धावता बदलून जातो. ज्यांनी अनेक वर्षे हे काम केले आहे त्यांनी आपला प्रवास सांगावा, ही विनंती. लोकांना मदत करण्याची इच्छा मनात ठेवून या व्यवसायात टिकता येते का?

कृष्णाकाठ (कराड)

मोगराताई, आपला प्रश्न वाचून सविस्तर लिहावेसे वाटले, कारण माझे घर याच व्यवसायावर उभे राहिले आहे.

माझे वडील परळच्या एका गिरणीत साच्यावर काम करीत. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि तो रीतसर मिटलाच नाही. सातारा जिल्ह्यातील असंख्य कुटुंबांप्रमाणे आम्हीही बोचकी बांधून गावी आलो. वडिलांनी मुंबईत एक लहानशी पॉलिसी काढली होती, तिचे हप्ते संपात थकले. काही वर्षांनी वडील गेले, तेव्हा ती पॉलिसी बुडाली असेच आम्ही सगळे धरून चाललो होतो. त्यांच्या जुन्या एजंटांना कोणाकडून तरी बातमी कळली आणि त्यांचे पत्र आले. तीन वर्षांहून अधिक हप्ते भरलेले असल्यामुळे पॉलिसी पूर्णपणे बाद झालेली नाही, ती पेडअप आहे आणि भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात रक्कम मिळते, असे त्यांनी लिहिले होते. सोबत कोरा अर्ज होता आणि आईने अंगठा कोठे उमटवायचा तेथे पेन्सिलने खूण केलेली होती. या कामाचा त्यांना एक पैसाही मिळणार नव्हता. रक्कम थोडी होती, पण धाकट्या बहिणीची शाळा तिच्यामुळे सुटली नाही. १९८८ साली मी एजन्सी घेतली, ती त्या पत्रामुळे.

सुरुवातीची वर्षे कष्टाची होती. पाटणकडच्या गावांना एसटीने जायचे आणि पुढे वाड्यावस्त्यांवर पायी हिंडायचे, असा क्रम होता. मृत्यूचा विषय काढला की म्हातारी माणसे 'भरल्या घरात अभद्र बोलू नका' म्हणून थांबवीत, आणि त्यांचे बोलणे मला चुकीचेही वाटत नसे. म्हणून मी बोलणे मुलांच्या शिक्षणापासून आणि घरावरच्या कर्जापासून सुरू करू लागलो. नातेवाइकांविषयी आपण विचारले आहे. मी पहिला धंदा नात्यात मागितला नाही. पगारातून हप्ता कापला जाण्याची सोय होती, त्यामुळे प्राथमिक शिक्षकांपासून सुरुवात केली. भाऊबंद आपणहून आले, पण त्याला बराच काळ जावा लागला. तोवर घर चालले ते माझ्या पत्नीने सांभाळलेल्या दोन म्हशींवर, हे येथे सांगितलेच पाहिजे.

आता मदतीविषयी. लोकांना वाटते की एजंटाची मदत म्हणजे माणूस गेल्यावर केलेली धावपळ. ती करावी लागतेच, परंतु त्या दिवशी घराला पैसे मिळणार की नाही, हे बहुतेक वेळा कितीतरी वर्षे आधी, विमा घेतानाचा प्रस्ताव अर्ज भरताना ठरून गेलेले असते. अर्जात तंबाखू, दारू, साखर, रक्तदाब, पूर्वीची शस्त्रक्रिया हे सगळे विचारलेले असते. घाईत असलेला माणूस सगळीकडे 'नाही' लिहून मोकळा होतो आणि अर्जदारही 'तुम्हीच भरा' म्हणून सही करतो. विमा कायदा १९३८ च्या ४५ व्या कलमाप्रमाणे पॉलिसीला तीन वर्षे पूर्ण झाल्यानंतर तिच्या वैधतेवर कंपनीला कोणत्याही कारणाने प्रश्न उपस्थित करता येत नाही. तीन वर्षांच्या आत मृत्यू झाला तर मात्र चौकशी होते, जुने केसपेपर काढले जातात आणि लपवलेला मधुमेह त्या विधवेच्या समोर येऊन उभा राहतो. बंद पडलेली पॉलिसी पुन्हा चालू केली की ही तीन वर्षे नव्याने मोजली जातात, हेही पुष्कळांना ठाऊक नसते. म्हणून मी अर्ज नेहमी अर्जदाराच्या घरी बसून, प्रत्येक प्रश्न मोठ्याने वाचून आणि शक्य तर त्याच्या पत्नीच्या समोर भरतो. नवरा 'काही नाही' म्हणतो आणि आतून आवाज येतो, 'अहो, त्या गोळ्या चालू आहेत की!' त्या एका वाक्याने हप्ता थोडा वाढतो, पण दावा वाचतो.

दुसरी गोष्ट हप्त्याची. नोकरदाराला दरमहा परवडते म्हणून शेतकऱ्यालाही परवडेल असे नाही. आमच्या भागात पैसा उसाच्या बिलाला येतो, तर दूध घालणाऱ्याच्या हातात दर दहा दिवसांनी थोडा थोडा येतो. उसवाल्याची पॉलिसी बिल जमा होण्याच्या सुमारास सुरू करून वार्षिक हप्ता ठेवला तर तो थकत नाही. त्याच माणसाला ऐन पावसाळ्यात, बी-बियाण्याच्या खर्चात हप्ता आला तर दुसऱ्या वर्षीच पॉलिसी बंद पडते. आपण पाहिलेली ती दोन हप्त्यांची पॉलिसी अशीच बंद पडली असेल, असे मला वाटते. बार्शीकडे ज्वारी, तूर, सोयाबीनचा पैसा कधी हातात येतो, हे आपल्याला कोणत्याही अधिकाऱ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे, आणि ही फार मोठी जमेची बाजू आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, ती म्हणजे वारसनोंद. आमच्या मार्केट यार्डातील एक हमाल लहान वयात वारले. पॉलिसी लग्नापूर्वीची होती आणि नामनिर्देशन आईच्या नावे होते. लग्नाला कितीतरी वर्षे झाली, दोन मुले झाली, पण तो कागद कोणी उघडून पाहिला नव्हता. ती पॉलिसी मी उतरवलेली नव्हती, त्या सूनबाई माझ्याकडे कागद घेऊन फक्त विचारायला आल्या होत्या. विमा कायद्यातील २०१५ च्या दुरुस्तीनंतर आईवडील, पती-पत्नी किंवा मुले यांपैकी कोणाचे नामनिर्देशन असेल तर रक्कम त्याच व्यक्तीच्या हक्काची ठरते, त्यामुळे कायद्याने सगळे पैसे सासूबाईंचे होते. मी दोघींना एकत्र बसवून बोललो. सासूबाई समजूतदार होत्या, म्हणून निम्मी रक्कम नातवंडांच्या नावे ठेव म्हणून ठेवली गेली. प्रत्येक घरात असे होत नाही. तेव्हापासून माझ्या कोणत्याही विमेदाराच्या घरून लग्नाची पत्रिका आली की आहेराबरोबर वारस बदलाचा अर्जही माझ्या पिशवीत असतो. मांडवात तो काढत नाही, पण सत्यनारायण झाला की सही घेतो.

ज्यांचा व्यापार किंवा ठेकेदारी आहे आणि डोक्यावर कर्ज आहे, त्यांच्यासाठी १८७४ चा विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा आहे. पॉलिसी घेतानाच त्या कायद्याखाली पत्नी व मुलांच्या नावे घेतली तर ती रक्कम कर्ज देणाऱ्यांना सहसा ओढून घेता येत नाही. एवढा जुना आणि एवढा उपयोगी कायदा असूनही त्याचा जोडअर्ज भरून घेणारे एजंट मला फार थोडे भेटले, याचे वाईट वाटते.

आपण जरूर या कामात यावे. पासबुकातील एक ओळ पाहून ज्यांना शंका येते आणि ज्या बँकेत खेपा घालतात, त्यांनी या कामाचा अवघड भाग आधीच केलेला आहे.

रानवारा (नाशिक)

मी एजंट नाही. एका एजंटांमुळे ज्या घराचा तोल सावरला, त्या घरातील आहे, म्हणून लिहिते.

एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाने माझे पती गेले. ते सातपूरच्या एका कारखान्यात होते. त्या वेळी नाशिकची जी अवस्था होती ती येथे पुन्हा सांगत नाही. महापालिकेचा दाखला मिळायला वेळ लागत होता आणि मी स्वतः विलगीकरणात होते. आमचे एजंट काका रोज एकदाच फोन करीत आणि एका वेळी एकच कागद मागत. 'आज फक्त आधार कार्डाचा फोटो पाठवा', 'आज पासबुकाचे पहिले पान पाठवा', असे. सगळे एकदम मागितले असते तर मला सुचलेच नसते. मे महिन्यात आयुर्विमा महामंडळाने नियम सैल केले आणि मृत्यू रुग्णालयात झाला असेल तर पालिकेच्या दाखल्याऐवजी रुग्णालयाचे कागद व स्मशानभूमीचा दाखला चालेल असे ठरले. ते मला काकांकडूनच कळले आणि दाव्याची रक्कम आली.

परंतु मला सांगायचे आहे ते पुढचे. काकांनी विचारले, 'साहेबांचा प्रॉव्हिडंट फंड कापला जात होता ना?' मी हो म्हटले. तेव्हा त्यांनी सांगितले की भविष्य निर्वाह निधीच्या सदस्याला कर्मचारी ठेव संलग्न विमा योजनेचे संरक्षण असते, त्यासाठी कामगाराच्या पगारातून काहीही कापले जात नाही, वर्गणी मालक भरतो आणि नोकरीत असताना मृत्यू झाल्यास सात लाखांपर्यंत रक्कम मिळू शकते. कारखान्यातून मला कोणीही हे सांगितले नव्हते. काकांनी अर्ज भरून दिला, कार्यालयात कोणत्या खिडकीवर जायचे ते सांगितले आणि पतीच्या नावातील एका अक्षराचा फरक दुरुस्त करून घेण्यासाठी माझ्या दिरांबरोबर स्वतः गेले. त्या विम्याचा त्यांच्या एजन्सीशी काहीही संबंध नव्हता.

मोगराताई, आपल्या गटातील ज्यांच्या घरचे लोक चिंचोळी, चाकण किंवा पुण्याच्या कारखान्यांत कामाला आहेत, त्यांना हे एवढे तरी जरूर सांगा.

निवृत्त शाखाकर्मी (पुणे)

मी आयुष्यभर आयुर्विमा महामंडळाच्या शाखेत दावे विभागात काम केले. कृष्णाकाठ यांनी लिहिलेला शब्द न् शब्द मला पटतो, तरीही मोगराताईंनी निर्णय घेण्यापूर्वी व्यवहाराची बाजू स्वच्छ पाहावी असे वाटते.

आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण १९५६ साली झाले. त्या वेळी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख होते. दोनशे पंचेचाळीस कंपन्या व संस्था ताब्यात घेण्यामागे एक प्रमुख कारण असे होते की अनेक विमा कंपन्या लोकांचा पैसा बेपर्वाईने हाताळीत होत्या आणि खेड्यापर्यंत विमा पोहोचत नव्हता. खेड्यापर्यंत तो पोहोचला तो एजंटांच्या पायांनी, यात शंका नाही. मात्र एजंटाच्या कमाईची रचना अशी आहे की पहिल्या वर्षाच्या हप्त्यावरील कमिशन मोठे असते आणि पुढच्या वर्षांचे लहान. शिवाय बचतीच्या योजनांचा हप्ता मोठा असल्याने कमिशनही मोठे मिळते, आणि ज्यात कमी हप्त्यात मोठे संरक्षण असते त्या मुदत विम्यावर रुपयांत मिळणारे कमिशन थोडे असते. ज्या तरुण बापाला पन्नास लाखांच्या संरक्षणाची गरज असते, त्याच्या हाती तेवढ्याच हप्त्यात तीन लाखांची बचत पॉलिसी दिली जाते, ती याच कारणाने. मनात मदतीची इच्छा असलेल्या माणसाला खरी परीक्षा येथे द्यावी लागते, आणि ती दर महिन्याला द्यावी लागते.

विमा सखी योजना ९ डिसेंबर २०२४ रोजी पानिपत येथे सुरू झाली. दहावी उत्तीर्ण, १८ ते ७० वयाच्या स्त्रियांना तिच्यात येता येते. पहिल्या वर्षी दरमहा ७,०००, दुसऱ्या वर्षी ६,००० आणि तिसऱ्या वर्षी ५,००० रुपये विद्यावेतन आहे आणि कमिशन वेगळे मिळते. पहिल्या वर्षात २४ विमे उतरवावे लागतात, आणि पुढच्या वर्षीचे विद्यावेतन मिळण्यासाठी आधी उतरवलेल्यांपैकी किमान ६५ टक्के पॉलिसी चालू असाव्या लागतात. ही दुसरी अट मला फार योग्य वाटते, कारण ती हप्ता न परवडणाऱ्या माणसाच्या गळ्यात पॉलिसी मारण्यापासून रोखते. हे विद्यावेतन म्हणजे नोकरीचा पगार नव्हे, हे मात्र घरच्यांना आधीच समजावून सांगावे.

आणखी एक. लोक 'पहिला हप्ता तुम्ही भरा' किंवा 'कमिशनमधले अर्धे परत द्या' असे मागतील, ओळखीचेच मागतील. विमा कायद्याच्या ४१ व्या कलमाने अशी सूट देण्याला आणि घेण्यालाही बंदी आहे आणि दंड दहा लाखांपर्यंत होऊ शकतो. पहिल्याच माणसाला नम्रपणे नाही म्हणावे. माझ्या पाहण्यात असे आहे की ज्यांनी कमिशन वाटून धंदा वाढवला त्यांच्याकडे दाव्याच्या वेळी फिरायला ना पैसा उरला ना उमेद, आणि विमेदारांची घरे वाऱ्यावर राहिली. शाखेत दाव्याचे कागद घेऊन येणारे एजंट आम्हाला तोंडपाठ असत. ते थोडेच होते आणि वर्षानुवर्षे तेच होते.

मोगरा (बार्शी तालुका)

सर्वांचे मनापासून आभार. रानवाराताई, आपण जे लिहिले ते मी आमच्या गटाच्या येत्या बैठकीत वाचून दाखवणार आहे. आमच्यातील तिघींचे मुलगे चाकणला आहेत.

कृष्णाकाठ काकांना एक विचारायचे आहे. आमच्या गटातील बऱ्याच जणी शेतमजुरी करतात. त्यांना वर्षाकाठी हजारांत हप्ता भरणे शक्य नाही. उद्दिष्ट २४ विम्यांचे आहे, आणि ज्यांना सर्वांत जास्त गरज आहे त्यांच्याकडूनच मला विमा मिळणार नाही. अशा वेळी सुरुवात कोठून करावी?

कृष्णाकाठ (कराड)

ताई, ज्यांना परवडत नाही त्यांच्याकडे विमा मागूच नये. आपले २४ विमे गावातील शिक्षक, दुकानदार, ग्रामपंचायतीचे व दूध संस्थेचे कर्मचारी आणि नोकरीला लागलेली मुले यांच्यातून उभे राहतील. मजुरी करणाऱ्या भगिनींसाठी करण्यासारखे काम वेगळे आहे.

एक दोनशे पानी वही घ्या आणि प्रत्येक घराला एक पान द्या. घरात कोणाच्या खात्यावर ४३६ रुपयांची जीवन ज्योती आणि २० रुपयांची पंतप्रधान सुरक्षा विमा योजना आहे, वारस म्हणून कोणाचे नाव आहे, आधारवरील आणि पासबुकावरील नाव सारखे आहे का आणि मूळ कागद घरात कोठे ठेवले आहेत, एवढेच त्यात लिहायचे. जीवन ज्योतीत १८ ते ५० वयात नाव घालता येते आणि सुरक्षा विमा ७० वर्षांपर्यंत घेता येतो, पण तो केवळ अपघातासाठी आहे, हे प्रत्येकीला समजेल अशा शब्दांत सांगा. नव्याने नाव घातल्यास पहिल्या तीस दिवसांत जीवन ज्योतीतून अपघाताखेरीज अन्य कारणाने झालेल्या मृत्यूचे पैसे मिळत नाहीत, तेही सांगा, म्हणजे पुढे कोणी आपल्याला बोल लावणार नाही. ज्यांच्या नावे सातबारा आहे त्यांच्या पानावर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेचीही नोंद करा. सर्पदंश, वीज पडणे, विजेचा धक्का यांनी मृत्यू झाला तर दोन लाखांपर्यंत मदत मिळते, त्यासाठी आधी कोणताही हप्ता भरावा लागत नाही आणि अर्ज तालुका कृषी अधिकारी कार्यालयात करायचा असतो. मात्र तो लवकर करावा लागतो आणि पंचनामा हाताशी असावा लागतो. सर्पदंशात माणसे घाईने अंत्यसंस्कार उरकतात आणि शवविच्छेदन होत नाही, तेथेच अर्ज अडतो.

जीवन ज्योती आणि सुरक्षा विमा या दोन्ही केंद्रीय योजनांचे वर्ष १ जूनला सुरू होते आणि बँका मेच्या शेवटच्या आठवड्यात पैसे कापतात. त्या दिवशी खात्यात शिल्लक नसेल तर संरक्षण थांबते. म्हणून गटाची मे महिन्याची बैठक २० तारखेच्या आत ठेवा आणि प्रत्येकीच्या आणि तिच्या यजमानांच्या खात्यावर किमान पाचशे रुपये आहेत ना, हे पासबुके मागवून पाहून घ्या.